रबरी बटणांचा स्वस्त सौदा

१९८२ साली संगणक घ्यायला निघालेल्या ब्रिटिश कुटुंबापुढे मोठा पेच होता. मुलांना शाळेत बीबीसी मायक्रो भेटे. भक्कम कीबोर्ड, उत्तम बेसिक प्रोग्रॅमिंग भाषा. पण त्याच्या ‘मॉडेल बी’ची किंमत ३९९ पौंड. सिंक्लेअरचा ४८ केबी स्पेक्ट्रम १७५ पौंडांत घरी येई.

स्पेक्ट्रमची बटणं रबरी, बोटाखाली मऊ दबणारी. एकेका बटणावर कितीतरी आज्ञा छापलेल्या. ‘पी’ दाबला की पडद्यावर अख्खं ‘प्रिंट’ उमटे. लांबलचक मजकूर टंकायला तो गैरसोयीचाच. तरी बहुतेक घरांत निकाल खिशानेच लावला, आणि कॅसेटवरच्या खेळांनी पोरं खूश झाली.

महागड्या यंत्रावरचा खर्च मात्र वाया गेला नाही. बीबीसी मायक्रो घडवणाऱ्या एकॉर्न कंपनीनेच आखलेली पहिली एआरएम चिप १९८५ मध्ये तयार झाली. आजचे बहुतेक मोबाइल त्याच घराण्याच्या चिपवर चालतात.