हास्यपटातील लघुउद्योजक : 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि दादासाहेब फाळके यांच्या व्यवसायाचा इतिहास

प्रस्तावना :

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०-१९४४) यांचे स्थान 'जनक' या एका शब्दाने निश्चित केले जाते. या गौरवामुळे त्यांच्या जीवनातील एक महत्त्वाची बाजू मात्र झाकली गेली. फाळके हे कलावंत होते, तसेच ते अपुऱ्या भांडवलावर, कर्जाच्या आधारे आणि घरातील माणसांच्या श्रमावर धंदा उभा करणारे लहान उद्योजकही होते. परेश मोकाशी यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या मराठी चित्रपटाने नेमकी हीच बाजू पडद्यावर आणली. २००९ मध्ये ऑस्करच्या परभाषिक चित्रपट विभागासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. 'श्वास' (२००४) नंतर हा मान मिळविणारा तो दुसरा मराठी चित्रपट होय. जानेवारी २०१० मध्ये तो सर्वत्र प्रदर्शित झाला. चरित्रपट असूनही त्याची प्रकृती हास्यपटाची आहे. कर्ज, दागिने गहाण टाकणे, लोकांची कुचेष्टा अशा गंभीर गोष्टी हसत हसत सांगितल्याने इतिहासाचे आकलन वाढते की उणावते, हा प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या केंद्रस्थानी आहे.

उद्दिष्टे :

१) फाळके यांच्या आरंभीच्या चित्रपटनिर्मितीचा लघुउद्योग म्हणून विचार करणे.
२) या उद्योगातील कौटुंबिक श्रमाचे, विशेषतः सरस्वतीबाई फाळके यांच्या श्रमाचे, स्वरूप स्पष्ट करणे.
३) विनोदी मांडणीमुळे इतिहासाचा कोणता भाग उजेडात येतो व कोणता दृष्टीआड होतो, हे तपासणे.

छापखान्याकडून चित्रपटाकडे :

त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळक्यांचे शिक्षण मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे झाले. छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे, शिळाछपाई, जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या त्यांनी हाताळल्या. पुरातत्त्व खात्यातील नोकरी स्वदेशीच्या चळवळीच्या काळात सोडून ते छपाईच्या धंद्यात शिरले. लोणावळ्यास सुरू झालेला हा व्यवसाय पुढे दादरला आला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने नावारूपासही आला. रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. तथापि भांडवल पुरविणाऱ्या भागीदारांशी मतभेद झाले आणि त्यांनी स्वतः घडविलेला धंदा सोडून दिला.

या घटनेचे महत्त्व सहसा दुर्लक्षिले जाते. कारागिरी एकाची आणि भांडवल दुसऱ्याचे, ही त्या काळच्या अनेक देशी उद्योगांची घडण होती. या घडणीत मतभेद झाले की कारागीर रिकाम्या हाताने बाहेर पडे. चाळिशी ओलांडलेल्या फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला व देशी देवतांची चित्रे अशीच हलती करण्याचा ध्यास घेतला, तेव्हा ते याच रिकाम्या अवस्थेत होते. 'फॅक्टरी'तील कथानकाचा आरंभ याच टप्प्यावर होतो.

सततच्या प्रयोगांमुळे त्यांच्या दृष्टीवर परिणाम झाला, उपचारांनंतर ती पूर्ववत झाली. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांचे साहाय्य त्यांना लाभले. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र व इतर साहित्य यांची व्यवस्था करून ते परतले. प्रत्यक्ष कथापटाला पैसा मिळेना, म्हणून रोपट्याच्या वाढीचा एक लहानसा पट त्यांनी घरीच तयार केला. दररोज थोडे थोडे चित्रण करून अंकुराचा वेल झालेला पडद्यावर दाखविला, तेव्हा कुठे कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला. आजच्या भाषेत बोलायचे तर ग्राहकाला माल दाखविण्यापूर्वी सावकाराला नमुना दाखवावा लागला.

घर हाच कारखाना :

चित्रपटाच्या शीर्षकालाही ऐतिहासिक आधार आहे. सिनेमात काम करणे त्या काळी हलके समजले जाई. म्हणून कोणी विचारल्यास 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो' असे सांगावे, अशी सूचना फाळक्यांनी आपल्या मंडळींना दिली होती. नटाला प्रतिष्ठा नव्हती, परंतु कारखान्यातील कामगाराला होती. एका शब्दात मावलेला हा सामाजिक इतिहास मोकाशी यांनी अचूक टिपला आहे.

वस्तुतः ही 'फॅक्टरी' म्हणजे दादर येथील राहते घर होते. माजघर व स्वयंपाकघर येथे कारखान्याचे विभाग बनले. सरस्वतीबाई सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत, अंधारात कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने तयार करण्यास मदत करीत आणि चित्रणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. त्यांचे दागिनेही या धंद्याचे भांडवल झाले. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत उभा राहिला. या श्रमांचे वेतन कोणत्याही हिशोबाच्या वहीत लिहिले गेले नसणार, कारण घरच्या माणसाचा रोज धरण्याची रीतच नव्हती. पहिला भारतीय कथापट अल्प खर्चात झाला असे म्हणताना हा न धरलेला खर्च लक्षात घेणे अगत्याचे ठरते.

दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी प्रदर्शित झाला होता. मात्र तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता व त्याची फिल्म प्रक्रियेसाठी लंडनला पाठवावी लागली. फाळक्यांचे वेगळेपण केवळ 'पहिले' असण्यात नाही. छिद्रे पाडण्यापासून प्रत काढण्यापर्यंतची सर्व प्रक्रिया एका छपराखाली आणण्यात ते आहे. उद्योगाच्या इतिहासात हा निकष अधिक मोलाचा आहे.

विनोदाची जागा :

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसविण्यात आली. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांनी मिशा काढण्यास नकार दिला, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ मानले जाई. या प्रसंगांना चित्रपटात हशा मिळतो. तो हशा केवळ माणसांच्या भोळेपणाला मिळत नाही. जुना आचार व नवे यंत्र यांची एकाच अंगणात गाठ पडली की जी तारांबळ उडते, तिच्यात या विनोदाचे मूळ आहे. नंदू माधव यांनी साकारलेले फाळके संकटातही खचत नाहीत आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई नवऱ्याच्या वेडात समान भागीदार म्हणून वावरतात. आनंद मोडक यांच्या संगीतानेही चित्रपटाचा सूर हलका ठेवला आहे.

विनोद येथे इतिहासाचे काम करतो. महापुरुषाचा पुतळा पाहताना मान वर करावी लागते, कारागिराची फजिती पाहताना ती करावी लागत नाही. प्रेक्षक त्याच्या बरोबरीने उभा राहतो आणि त्यामुळेच पैसा कुठून आला, माणसे कशी मिळाली, माल कसा विकला, हे इतिहासाचे मूलभूत प्रश्न त्याला सुचू लागतात.

विक्रीचा प्रश्नही साधा नव्हता. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी व ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये जनतेसाठी 'राजा हरिश्चंद्र' दाखविला गेला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. नाटकाच्या मानाने हा खेळ फार थोडा वेळ चालत असे. म्हणून केवळ तीन आण्यांत ५७,००० छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहा, अशी जाहिरात फाळक्यांनी केली. एका फुटात १६ चित्रे धरली तर छायाचित्रांचा आकडा वास्तवाच्या जवळ येतो. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट, प्रत्यक्षाच्या जवळजवळ तिप्पट. कलावंत फाळक्यांमध्ये एक मुरलेला दुकानदारही होता, याचा हा पुरावा होय.

चित्रपटाबाहेर राहिलेला इतिहास :

'फॅक्टरी'ची कथा १९१३-१४ च्या यशापाशी थांबते. हास्यपटाच्या रचनेला ते साजेसे आहे, परंतु व्यवसायाचा इतिहास तेथे संपत नाही. व्यवसाय नाशिकला हलविल्यानंतर पहिल्या महायुद्धामुळे भांडवल आटले. 'लंकादहन' (१९१७) या चित्रपटाने अमाप गर्दी खेचली. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची स्थापना झाली. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) व 'कालिया मर्दन' (१९१९) हे चित्रपट यशस्वी झाले, तरी छापखान्यात झाले तेच पुन्हा घडले. खर्च, वेळ आणि अधिकार यांवरून भागीदारांशी बेबनाव झाला व फाळके कंपनी सोडून काशीला गेले. काही वर्षांनी ते परतले, पण पूर्वीचे स्वामित्व परतले नाही.

१९३२ हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. प्रभात फिल्म कंपनीने त्या वर्षी हरिश्चंद्राचीच कथा 'अयोध्येचा राजा' या बोलपटातून मांडली. त्याच सुमारास फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला ध्वनी जोडावा लागला. घरगुती कारखान्याचा काळ मागे पडून वेतनदार तंत्रज्ञांच्या संघटित स्टुडिओचा काळ आला होता. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापुरात, दुसऱ्यांच्या संस्थेसाठी झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

प्रादेशिक संदर्भ व अध्यापनातील उपयोग :

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण तालुक्यात असलेले पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. अशा बाजारपेठेच्या गावातील विद्यार्थ्याला उधारी, तारण, हंगाम आणि घरच्या माणसांचे राबणे या गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. त्याला फाळके 'जनक' म्हणून शिकविले तर ते परीक्षेपुरते लक्षात राहतील. दागिने मोडून धंदा करणारा माणूस म्हणून शिकविले तर तो आपल्या आळीतील दुकानाकडेही ऐतिहासिक दृष्टीने पाहू लागेल. इतिहास, वाणिज्य, अर्थशास्त्र व मराठी या विभागांना एकत्रितपणे हा चित्रपट अभ्यासासाठी घेता येण्यासारखा आहे. मात्र त्याच्या जोडीला १९१४ नंतरचा कालखंड शिक्षकाने सांगणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१) फाळके यांची आरंभीची चित्रपटनिर्मिती हा स्वदेशीच्या प्रेरणेतून, कर्ज व गहाणवटीवर उभा राहिलेला घरगुती लघुउद्योग होता.
२) सरस्वतीबाईंचे श्रम व दागिने हे या उद्योगाचे न नोंदविलेले भांडवल होते. त्यांना केवळ 'साथ देणारी पत्नी' म्हणणे अपुरे आहे.
३) 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने विनोदाच्या साहाय्याने फाळक्यांना पुतळ्यातून बाहेर काढले व कामाच्या ठिकाणचा इतिहास दृश्यमान केला.
४) यशापाशी थांबल्यामुळे भांडवल व कारागिरी यांच्यातील संघर्ष मात्र चित्रपटाबाहेर राहिला. छापखान्यात व नंतर चित्रपट कंपनीत, अशा दोन्ही वेळा फाळक्यांना स्वतःच उभारलेल्या धंद्याच्या बाहेर पडावे लागले. धंदा कसा उभा राहिला याबरोबरच तो उभारणाऱ्याच्या हाती का राहिला नाही, हेही शिकविल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.