वादळ, गारपीट, धो धो पाऊस : परसातला भोपळ्याचा वेल कसा वाचवायचा?

गोष्टीतल्या म्हातारीला वाघ-कोल्ह्यांच्या तावडीतून सुखरूप घरी पोहोचवणारा भोपळा प्रत्यक्षात मात्र फार नाजूक वेलावर येतो. जूनमध्ये परसात चार बिया टोचल्या की दीड-दोन महिन्यांत वेल कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात शिरतो. ताटाएवढी पाने, पिवळीधमक फुले, घरातले सगळे खूश. आणि मग एखाद्या रात्री वारा-पाऊस असा झोडपतो की सकाळी पानांच्या चिंध्या आणि पिळवटलेला बुंधा तेवढा उरतो.

लाल भोपळा, तांबडा भोपळा, डांगर, काशीफळ अशी याची नावे गावागणिक बदलतात. वेलाची दुखणी मात्र सगळीकडे सारखीच. कोकणात ३ जून २०२० चे निसर्ग आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यातले तौक्ते चक्रीवादळ, तर मराठवाडा-विदर्भात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. अशा वेळी बातम्या येतात त्या नारळ-सुपारीच्या, गहू-हरभऱ्याच्या. परसातल्या मांडवाचा पंचनामा कुणी करत नाही, त्यामुळे त्याची काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते.

वेल नक्की मरतो कशाने?

बहुतेकांना वाटते वाऱ्याने. वारा पाने फाडतो हे खरे, पण फाटलेल्या पानांनी वेल सहसा मरत नाही. शेंडा शाबूत असेल तर नवी पाने येतात. खरा घात दोन ठिकाणी होतो. वेल वाऱ्याबरोबर लोळतो तेव्हा जमिनीलगतचा बुंधा पिळवटून चिरतो आणि एकाच मुळावर जगणारा सगळा पसारा दोन दिवसांत माना टाकतो. दुसरा घात साचलेल्या पाण्याचा. मुळांनाही हवा लागते. माती एक-दोन दिवस पाण्याखाली राहिली की मुळे गुदमरतात आणि मागोमाग बुरशी येऊन बुंधा कुजतो. पाने पाण्यात उभी असूनही सुकलेली दिसतात ती यामुळेच. अशा वेळी ‘वेल सुकला’ म्हणून वर आणखी पाणी ओतणारेही भेटतात!

वेलाला एकच मूळ ठेवू नका

भोपळ्याच्या वेलाला निसर्गाने एक सोय दिली आहे. जमिनीवर पसरलेल्या वेलाच्या पेरांना, म्हणजे जिथून पान आणि तणावा फुटतो त्या गाठींना, ओली माती लागली की तिथूनही मुळे सुटतात. म्हणून वेल चार-पाच फुटांचा झाला की दोन-तीन पेरांवर ओंजळभर भुसभुशीत माती किंवा कुजलेले शेणखत टाकायचे. पान आणि शेंडा उघडाच ठेवायचा, फक्त गाठ झाकायची. माती ओलसर राहिली तर साधारण आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. पुढे बुंधा चिरला तरी वेल या मुळांवर तगतो आणि वाऱ्यातही जागचा हलत नाही.

खर्च शून्य आणि मेहनत पाच मिनिटांची असूनही हे बहुतेक जण करत नाहीत. वादळाचा इशारा आल्यावर मात्र याचा उपयोग नाही. ते आधीच करून ठेवायचे काम आहे.

जमीन की मांडव?

मराठवाड्यात, विदर्भात किंवा देशावर पाण्याचा निचरा होणारी जमीन असेल तर वेल खालीच पसरू द्यावा. जमिनीलगत वारा कमी असतो. कोकणात तसे चालत नाही. तिथल्या पावसात खाली ठेवलेला भोपळा खालच्या बाजूने सडतो, म्हणून लोक वेल मांडवावर, कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर चढवतात. पण मांडव उंच तेवढा वारा जास्त, आणि अधांतरी पेरांना मुळे धरत नाहीत.

यावर बरा उपाय म्हणजे दोन्हीचा मेळ. बी उंचवट्यावर लावायचे, वेलाची पहिली तीन-चार पेरे त्याच उंचवट्यावर आडवी ठेवून मातीने झाकायची आणि तिथून पुढे वेल मांडवावर न्यायचा. मांडव छातीएवढाच असावा, खांब दीड-दोन फूट तरी गाडलेले असावेत. बांधायला तार किंवा घट्ट सुतळी नको, ती हिरव्या वेलात रुतते. जुन्या साडीच्या किंवा धोतराच्या पट्ट्या सैल बांधाव्यात. फळ वजनदार होऊ लागले की कांद्याच्या जाळीदार पिशवीचे शिंके करून त्याचा भार मांडवावर टाकावा, नाहीतर झोक्याबरोबर देठ तुटतो. जमिनीवरच्या फळाखाली वीट, फळीचा तुकडा किंवा नारळाची झावळी पुरते.

उन्हाळ्यातले आळे पावसात मोडा

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उन्हाळी वेलाभोवती पाणी धरायला आळे करतात. तेच आळे पावसाळ्यात डबके होते. पहिला मोठा पाऊस यायच्या आधी ते मोडून बुंध्याशी मातीची भर द्यावी आणि उताराच्या दिशेने हातभर चर काढावा.

गच्चीवरच्या बागेत प्रश्न आणखी मोठा आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १० बाय १० फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ९०० लिटरहून अधिक पाणी येते. गच्चीची मोरी पालापाचोळ्याने तुंबली असेल तर कुंड्या त्यात बुडतात. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, खालच्या ताटल्या पावसाळ्यापुरत्या काढून टाकाव्यात आणि कुंडीचे भोक उघडे आहे ना, ते काडी घालून बघावे.

इशारा आल्यावर काय करायचे?

हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस आणि ११५.५ च्या वर गेला की अतिजोरदार. नारिंगी किंवा लाल इशारा दिसला की आधी तयार फळे उतरवावीत. साल नखाने टोचली जात नसेल आणि देठ कडक, लाकडासारखा झाला असेल तर फळ तयार आहे. दोन-तीन इंच देठ ठेवून कापलेला भोपळा हवेशीर जागी कित्येक आठवडे सहज टिकतो. तो वेलावर ठेवून वाऱ्याच्या हवाली करण्यात काही अर्थ नाही.

गारपिटीला झाकण लागते. कोवळ्या वेलावर पाटी किंवा टोपली पालथी घालून वर दगड ठेवावा. मोठ्या वेलाचा फक्त बुंधा आणि शेंडे जुन्या पोत्यांनी झाकले तरी पुष्कळ झाले. प्लास्टिकची ताडपत्री मात्र शक्यतो टाळावी: वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि वेलासकट मांडव उपटते, ऊन पडल्यावर काढायची राहिली तर आत वेल उकडतो. विजा कडाडू लागल्यावर वेल झाकायला बाहेर पडू नये, गच्चीवर तर मुळीच नाही. विजेची पूर्वसूचना दामिनी ॲपवर आणि जिल्ह्याचा शेती हवामान सल्ला मेघदूत ॲपवर मराठीतून मिळतो.

वादळ ओसरल्यावर

पहिले काम साचलेले पाणी काढून देणे. पानांवर चिखल उडाला असेल तर साध्या पाण्याने धुवावा. लोंबकळणारी पाने धारदार कात्रीने कापावीत, ओढून तोडू नयेत. देठ पोकळ असतो आणि त्यात पाणी साचून कूज थेट वेलात उतरते. थोडीशी फाटलेली पाने राहू द्यावीत, वेलाला तेवढाच आधार. लगेच युरिया टाकायची घाई नको. मुळे दुखावलेली असताना खत लागू पडत नाही आणि त्यातून आलेली लुसलुशीत वाढ केवडा-भुरीसारख्या रोगांना लवकर बळी पडते. नवा शेंडा दिसला की मग थोडे गांडूळखत द्यावे.

पावसाची झड लागली की मधमाश्या फिरकत नाहीत आणि इवले भोपळे पिवळे पडून गळतात. तेव्हा परागीभवन हाताने करावे. बुडाशी इवला भोपळा असलेले फूल मादी, नुसत्या बारीक देठाचे फूल नर. फुले पहाटे उमलतात आणि ऊन चढले की मिटू लागतात, म्हणून सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर ते फूल दिवसभर कागदाच्या टोपीखाली ठेवावे.

कडक उन्हात दुपारी पाने मलूल होतात ते दुखणे नव्हे. पाण्याचे बाष्पीभवन कमी करायची ती वेलाची रीत आहे. सकाळीही पाने तशीच असतील तर मात्र बुंधा आणि मुळे तपासावीत. बुंधा मऊ पडून वास येत असेल तर तो वेल काढून टाकावा. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असे झाले तर त्याच परसात, पण जागा बदलून, नवे बी टोचायला अजून वेळ असतो. आणि काढलेल्या वेलावरची नर फुले शाबूत असतील तर त्यांची भजी होतात, कोवळ्या शेंड्यांची भाजी.