जड हेलिकॉप्टर आणि समोरचा वारा

हेलिकॉप्टर म्हटले की ते जागच्या जागी सरळ वर उठते, त्याला ना धावपट्टी लागते ना वारा, अशी आपणां पुष्कळांची समजूत असते. यंत्र रिकामे असेल आणि हवा गार असेल तर ही समजूत खरीही आहे. भार वाढला की मात्र ती टिकत नाही.

आपल्याच गावचे उदाहरण घेऊ. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. ज्या हिंगण्याच्या माळावर अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाची झोपडी १९०० साली उभी राहिली, त्याच ह्या कर्वेनगरात एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला, म्हणजे हवा इतकी विरळ होते की घनतेपुरते बोलायचे तर आपण सुमारे दीड हजार मीटरांवर, महाबळेश्वराहूनही उंच बसलेले असतो. गारवा तेवढा मिळत नाही, हे आपले दुर्दैव! अशा हवेत पंख्याला रेटायला हवा कमी आणि इंजिनाला श्वासही अपुरा.

मग जड यंत्र उठते कसे? जमिनीलगत, पुरुष-दोन पुरुष उंचीपर्यंत, खाली रेटलेली हवा जमिनीशी अडते व यंत्राला आधार मिळतो. त्याहून वर गेले की तो आधार सुटतो. म्हणून जाणता वैमानिक वर जाण्याची घाई करीतच नाही. तो नाक किंचित खाली घालून जमिनीला धरून पुढे सरकतो. जागच्या जागी पंखा आपणच ढवळलेली हवा पुन्हा ओढीत असतो. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरांचा वेग आला की त्याला ताजी हवा मिळू लागते, आणि त्याच शक्तीत यंत्र हलके झाल्यासारखे वर चढते.

ह्या हिशेबात वारा केवढा मोलाचा, पाहा. समोरून ताशी वीस किलोमीटरांचा वारा असेल, तर जागेवर उभ्या यंत्राला तेवढा वेग फुकट मिळालेला असतो. तोच वारा पाठीमागून असेल, तर आधी वीसाचा वेग घेऊन यंत्र जेमतेम शून्यावर येते. आणि तेवढ्यात शेताचा बांध किंवा झाड समोर उभे राहते. नावाड्याला पाठचा वारा सखा, ह्या यंत्राला तो वैरी.

ह्या मर्यादेचा एक जुना दाखला आपल्या ईशान्य सीमेवर सापडतो. १९४४ साली विंगेटच्या चिंडिट फौजेच्या मदतीसाठी अमेरिकेचे एक हवाई पथक कचार जिल्ह्यातील लालाघाट येथे होते. त्याच्यापाशी सिकोर्स्की कंपनीची आर-४ जातीची हेलिकॉप्टरे होती. इंजिनाची शक्ती दोनशे अश्वांच्या आसपास. एप्रिलमध्ये एक छोटे विमान ब्रह्मदेशात शत्रूच्या मुलखात उतरून पडले. आत वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक. त्यांना आणण्याचे काम कार्टर हार्मन ह्या तरुण वैमानिकाकडे आले. हा मूळचा संगीताचा विद्यार्थी, पुढे संगीतसमीक्षक म्हणून नावारूपास आला.

डोंगर ओलांडून हार्मन तेथे पोचला खरा. पण त्या उष्ण, दमट हवेत यंत्र एका वेळी एकच माणूस उचलू शकत होते. चौघांसाठी चार खेपा. कोणास आधी न्यावे आणि कोणास शत्रूच्या तोंडी ठेवावे, हा निर्णय त्या भाताच्या शेतात करावा लागला. २५ तारखेला दोन जखमींना नदीकाठच्या वाळूच्या पट्टीवर पोचवले, तेथून छोट्या विमानाने त्यांना पुढे नेले. तेवढ्यात इंजिन इतके तापले की उरलेल्या दोघांना आणखी एक रात्र शेताच्या कडेला लपून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी तिसरा जखमी गेला, आणि सर्वांत शेवटी वैमानिक. चौथ्या खेपेचे यंत्र उचलत असताना झाडीतून सैनिक धावत येताना दिसले. ते जपानी नव्हते, चिंडिटच होते, हे मागाहून कळले.