खानदेशचा उन्हाळा, बर्फ आणि श्वान

बर्फ ही खानदेशच्या मुलखातली मूळची वस्तू नव्हेच. अकबराने १६०१ मध्ये असीरगड सर करून या सुभ्यास राजपुत्र दानियालच्या नावावरून दानदेश असे नाव दिले, तेव्हा सोऱ्याने पाणी गार करण्याची विद्या दरबारास अवगत होती व १५८६ पासून लाहोरास हिमालयातील बर्फही पोचू लागला होता. परंतु तापीकाठच्या रयतेस गारवा ठाऊक होता तो रांजणाचा, वाळ्याचा आणि निंबाच्या सावलीचा.

त्या गारव्यात श्वानाचा वाटा मात्र ठरलेला होता. वैश्वदेवाच्या बलिहरणात श्वानासाठी अन्न काढून ठेवावे, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे; आणि तो दंडक ज्यांच्या कानी कधी गेला नाही, त्या साक्री-शिंदखेड्याकडील ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यांवर मेंढरे राखणारा कुत्रा धन्याच्याच भाकरीवर पोसला जातो. पाण्याची डोणी, ताकात कुस्करलेली भाकर आणि मध्यान्ही गाड्याखालची सावली, एवढ्यावर कितीएक पिढ्यांच्या राखणदारांचे वैशाख निभावले. श्वानास घाम येतो तो जवळजवळ केवळ पंजांच्या तळव्यांना. शरीरातील उष्मा तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो, म्हणून पारा पंचेचाळिशीकडे सरकला की त्याला आधी पाणी व सावली हवी, खाऊ नंतर.

अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजातून मुंबईस उतरला तो १८३४ मध्ये. जमशेटजी जीजीभाईंनी त्याच सुमारास मेजवानीत आइसक्रीम वाढले आणि यजमान-पाहुण्यांस पडसे झाल्याची वार्ता ‘मुंबई समाचार’ने दिली, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. पुढे १८६५ मध्ये थळ घाटाचा लोहमार्ग खुला होऊन मुंबई व खानदेश जोडले गेले, यंत्राने बर्फ होऊ लागला, आणि एके काळची ही शेठ-साहेबांची चैन तरटात गुंडाळलेल्या, लाकडाच्या भुशात झाकलेल्या लाद्यांच्या रूपाने कसब्याच्या बाजारापर्यंत आली. गोळेवाल्याच्या रंध्याखाली लादी किसली जात असता खाली सांडणारा चुरा चाटावयास टपलेले कुत्रे ज्याने पाहिले नाही, त्याने खानदेशचा उन्हाळा पाहिलाच नाही, असे मी म्हणेन.

मात्र तो चुरा निर्धोक नव्हे. कारखान्यातील सगळाच बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. म्हणूनच २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फास निळा रंग देणे बंधनकारक झाले, आणि माणसास वर्ज्य ते श्वानासही वर्ज्यच समजावे. कुल्फीची गोष्ट याहून नाजूक आहे. साखर व आटीव दूध त्याच्या पोटास मानवत नाही. बेदाणे आणि चॉकलेट तर विषासमान, आणि साखरेऐवजी काही पदार्थांत घालतात ते झायलिटॉल प्राणघातकच. वांग्याच्या भरितातील कांदा-लसूणही त्याच्या रक्तास अपाय करतो, हे येथील स्वयंपाकघरांत विशेष ध्यानी ठेवण्याजोगे.

सुदैवाने निर्धोक खाऊ जळगावच्या दारातच पिकतो. ज्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे साल काढलेले पातळ काप गोठवून एक-दोन द्यावेत, किंवा साखर-मिठाविना पातळ दही साच्यात गोठवावे. दगडासारखा खडा मात्र देऊ नये, तो चावताना दात तुटतो, म्हणून कुटूनच द्यावा. ऊन लागून कुत्रा लडखडू लागल्यास खाऊच्या नादी न लागता त्यास सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतावे आणि तडक पशुवैद्य गाठावा. आणि घरी कुत्रा पाळलेला असो वा नसो, चैत्र लागताच ओट्याखाली पाण्याचे एक पसरट भांडे रोज धुऊन, भरून ठेवावे, एवढी जळगाव-धुळ्याच्या गृहस्थांस विनंती आहे.