कर्जत-खालापूरची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली, म्हणजे जपली गेली का?

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकर, कातकरी आणि आगरी समाज राहतात. त्यांची लग्नातली, भातलावणीची, सणावारांची गाणी आणि जुन्या हकिकती पिढ्यान् पिढ्या तोंडीच चालत आल्या. गाणारं माणूस गेलं की गाणंही जातं.

धोका किती खरा आहे?

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. या ठाकर वाडीत 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. वाडीच्या आठवणी सांगणारी कितीतरी माणसं एका रात्रीत गेली.

एरवी गाणी हळूहळू जातात. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि त्यांच्या साथीने विधी पार पडतात. तिच्या जागी भटजी आणि डीजे आले की धवले ऐकायलाच मिळत नाहीत, मग नव्या मुली शिकणार कुठून?

असं काम कुणी केलंय का?

हो. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभरातल्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिठाच्या गिरण्या आल्यावर जातं थांबलं, पण ओव्या उरल्या. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गायिकेच्या नाव-गावासह प्रसिद्ध होत आहेत.

अमेरिकेत मूळ रहिवासी जमातींची गाणी मेणाच्या नळ्यांवर रेकॉर्ड झाली होती. 1979 मध्ये सुरू झालेल्या सरकारी प्रकल्पात त्यांच्या प्रती त्या-त्या जमातींना परत देण्यात आल्या. तिथल्या नवाहो समाजात काही कथा फक्त हिवाळ्यातच सांगतात. म्हणजे रेकॉर्ड केलेलं सगळं कधीही, कुणालाही ऐकवायचं नसतं.

तुम्ही रेकॉर्ड करणार असाल तर

• आधी विचारा: रेकॉर्ड करू का, आणि इंटरनेटवर टाकू का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं.
• वेळ बघा: अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. उन्हाळ्यात गेलात तर घराला कुलूप दिसेल.
• सुरुवातीलाच बोलून घ्या: गाणाऱ्याचं नाव, वाडी, तारीख, गाणं कुणाकडून शिकलं आणि कोणत्या प्रसंगी म्हणतात.
• बोली ‘सुधारू’ नका: शब्द ऐकू आले तसेच लिहा. अर्थ गाणाऱ्यालाच विचारा.
• मूळ फाइल ठेवा: व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओचा दर्जा घसरतो. मूळ फाइल दोन ठिकाणी साठवा, एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्या.

नाव-गाव नसलेली तीस सेकंदांची रील चार दिवस फिरते. माहितीसकट जपलेलं पूर्ण गाणं मात्र त्या वाडीतली नात पुढे कधीतरी ऐकून शिकू शकते.