भंगारातली शर्यतगाडी : फोर्ड मॉडेल टी आणि स्पीडस्टर

या टिपणाची सुरुवात एका गाडीच्या वर्णनाने करू. दोन माणसे जेमतेम मावतील अशा दोन खोलगट खुर्च्या. दरवाजे नाहीत, छप्पर नाही. पुढच्या मोठ्या काचेच्या जागी चालकाच्या तोंडासमोर ताटलीएवढी एक गोल काच. स्टिअरिंगचा दांडा जवळजवळ आडवा झालेला. खुर्च्यांच्या पाठीमागे पिंपासारखी पेट्रोलची टाकी आणि टाकीमागे पट्ट्याने बांधलेले जादा चाक. ही झाली 'स्पीडस्टर'. अमेरिकेत 1910 ते 1930 या काळात अशा असंख्य गाड्या बनल्या. त्यांतल्या बहुतेक कोणत्याही कारखान्यात बनल्या नाहीत. त्या घरामागच्या अंगणात, लोहाराच्या दुकानात, शेतावरच्या गोठ्याशेजारी बनल्या, आणि बहुतेकींच्या खाली फोर्ड कंपनीची मॉडेल टी होती.

आता प्रश्न असा : अशी एखादी गाडी तुमच्यासमोर ठेवली आणि विचारले की ही कोणत्या साली बनली, तर काय उत्तर द्याल? रेडिएटर 1915 चा, इंजिन 1921 चे, मागचा अ‍ॅक्सल 1926 चा, बॉडी कोणी बनवली ते माहीत नाही. या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ. आधी हे पाहू की अशी गाडी बनणे मुळात शक्य कसे झाले.

मॉडेल टी 1908 मध्ये बाजारात आली आणि 1927 मध्ये बंद झाली. मधल्या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. सुरुवातीला पाच माणसांच्या गाडीची किंमत 850 डॉलर होती, 1925 मध्ये दोन माणसांची गाडी 260 डॉलरला मिळत होती. याचे श्रेय पाठ्यपुस्तके हायलंड पार्क कारखान्यातल्या 1913 च्या फिरत्या जुळणी-ओळीला देतात, आणि ते योग्यच आहे. चॅसी जुळवायला आधी साडेबारा तास लागत, 1914 मध्ये ते काम 93 मिनिटांवर आले. पण ओळ पुढे सरकत राहायची असेल तर एक अट आधी पुरी व्हावी लागते. कोणताही भाग कोणत्याही गाडीत कानस न लावता बसला पाहिजे. ओळीवरच्या कामगाराला घासून-पुसून बसवण्याची सवड नसते. म्हणून भागांची मापे काटेकोर झाली, आणि वर्षानुवर्षे बरीचशी तीच राहिली.

कंपनीने हे स्वतःच्या सोयीसाठी केले. परिणाम मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर गेला. जो भाग ओळीवरच्या कामगाराला कानस न लावता बसवता येतो, तो खेड्यातल्या सतरा वर्षांच्या पोरालाही बसवता येतो. एक गाडी झाडावर आपटलेली, दुसरीचे इंजिन फुटलेले, तिसरीच्या लाकडी सांगाड्याला कीड लागलेली. अशा तीन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत गाडी निघू शकत होती. 1920 नंतर वापरलेल्या मॉडेल टी इतक्या साचल्या की पन्नास डॉलरच्या आत चालती गाडी मिळे, आणि बंद पडलेली त्याहून कितीतरी स्वस्त. त्याच सुमारास ज्यांचे फोटो या पोरांनी मासिकांत पाहिले होते त्या मर्सर रेसअबाउट किंवा स्टट्झ बेअरकॅट या खऱ्या वेगवान गाड्यांची किंमत सुरुवातीपासूनच दोन हजार डॉलर आणि त्यापुढे होती. स्पीडस्टर म्हणजे या गाड्यांची गरिबाघरची आवृत्ती. मी 'नक्कल' हा शब्द मुद्दाम टाळतो आहे, कारण तिच्यातले पुष्कळसे डोके स्वतःचे होते.

मॉडेल टीच्या रचनेतल्या आणखी दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, बॉडी चॅसीवर बोल्टने बसवलेली होती. बोल्ट सोडले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येई आणि उरलेला सांगाडा तसाच रस्त्यावर चालवता येई. आजच्या मोटारीत बॉडी हाच सांगाडा असतो, त्यामुळे हे आपल्याला विचित्र वाटते. दुसरी, चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात होते आणि त्यांचे हेड पंधरा बोल्टांनी वेगळे बसवलेले होते. त्या काळच्या पुष्कळ इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकजीव असत. सुट्या हेडमुळे ठोकळा तसाच ठेवून वर नवे हेड चढवणे शक्य झाले. याचे महत्त्व पुढे येईल.

आता थोडे गणित, कारण ही पोरे जे हातांनी करत होती ते तुम्ही कागदावर करू शकता. इंजिन 2.9 लिटरचे, शक्ती 20 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे 15 किलोवॉट. मूळ गाडी सपाट रस्त्यावर ताशी 65 ते 70 किलोमीटर धावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. 70 वरून 100 ला जायचे तर, रस्त्याचा विरोध सोडून दिला तरी, जवळजवळ तिप्पट शक्ती हवी. पन्नास डॉलरच्या गाडीत ती आणायची कुठून? पण समोरून हवेला आडवे येणारे क्षेत्रफळ निम्मे केले तर तेच इंजिन, काहीही न बदलता, गाडीला 70 वरून सुमारे 88 पर्यंत नेते. छप्पर, उभी काच आणि उंच बॉडी काढून टाकायला पैसे पडत नाहीत, एक पाना पुरतो. शिवाय वजन घटते आणि गाडी वेग लवकर पकडते. स्पीडस्टर बांधण्याचे पहिले काम म्हणजे वजाबाकी.

बेरीज पैसे जमतील तशी होई, आणि ती विकण्यासाठी एक अख्खा धंदा उभा राहिला. सियर्स रोबकच्या टपाली विक्रीच्या सूचिपत्रात मॉडेल टीसाठी जोडवस्तूंची रेलचेल असे. केंटकीतल्या लुईव्हिल शहरात 'मर्क्युरी' नावाच्या तयार स्पीडस्टर बॉडी बनत. राजो हे हेड विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावातून येई. गावाच्या नावातला 'रा' आणि बनवणाऱ्या जो यागर्सबर्गरचा 'जो' मिळून ते नाव झाले. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, त्यामुळे वायूला वाकड्या वाटेने आत-बाहेर करावे लागे. या नव्या हेडांनी व्हॉल्व्ह वर आणले आणि इंजिन मोकळा श्वास घेऊ लागले.

यातले सर्वांत गाजलेले हेड फ्रॉन्टेनॅक, लोकांच्या तोंडी 'फ्रॉन्टी'. ते बनवले लुई आणि आर्थर शेव्हरले या भावांनी. हो, तेच शेव्हरले. 1911 मध्ये लुईच्या नावाने मोटार कंपनी निघाली, काही वर्षांतच तो तिच्यातून बाहेर पडला आणि नाव मात्र कंपनीकडे राहिले. ती कंपनी फोर्डची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी झाली, आणि ज्याचे नाव तिच्या बॉनेटवर होते तो माणूस इंडियानापोलिसमध्ये फोर्डसाठी हेड बनवत बसला. इतिहासात असले योग कोणी जुळवून आणत नाही. 1923 च्या इंडियानापोलिस 500 मैलांच्या शर्यतीत एल. एल. कोरम याने मॉडेल टीच्या इंजिनावर आधारलेली फ्रॉन्टी-फोर्ड चालवली आणि पाचवा क्रमांक मिळवला. सरासरी वेग ताशी 80 मैलांच्या वर होता. त्याच्यापुढच्या गाड्या खास शर्यतीसाठी घडवलेल्या होत्या. खेड्यापाड्यातल्या पोरांना हा निकाल काय सांगून गेला असेल, याची कल्पना करा.

इथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. आता जी बाजू बहुतेक हौशी लेखक दोन ओळींत उरकतात तिच्यावर थांबू.

मॉडेल टीला तीन पेडल होती. डावे गिअरसाठी, मधले मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकसाठी. वेग वाढवायचा तो पायाने नव्हे, स्टिअरिंगखालच्या दांडीने. उजवे पेडल दाबले की ब्रेक चाकांवर लागत नसे. गिअरपेटीतल्या एका ड्रमभोवती पट्टा आवळला जाई आणि तो जोर मधल्या लांब दांड्यातून, डिफरन्शियलमधून, मागच्या दोन चाकांपर्यंत पोचे. पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. म्हणजे गाडी थांबणे एका साखळीवर अवलंबून होते, आणि तिची सर्वांत कच्ची कडी डिफरन्शियलमधले बॅबिटचे वॉशर. बॅबिट हा मऊ मिश्रधातू. वर्षे गेली की त्याला तडे जातात आणि एक दिवस त्याचा भुगा होतो. मग गिअरचे दात एकमेकांपासून सरकतात, पेडल नेहमीसारखे दाबले जाते, पण त्याचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. उरतो तो हातब्रेक, आणि तो गाडी उभी करून ठेवण्यापुरता होता.

आता मघाचे गणित पुढे न्या. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 70 ची गाडी 100 ला नेली की थांबवताना दुप्पट ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. इंजिनावर नवे हेड चढले, आणि खाली ब्रेक 1908 च्याच कल्पनेचा राहिला. मागच्या चाकांवर बाहेरून पट्टा आवळणारे जादा ब्रेक बाजारात मिळत, 'रॉकी माउंटन' हे त्यांचे प्रसिद्ध नाव. ते ज्यांनी बसवले ते शहाणे. पण ब्रेक बॉनेटखाली चमकत नाही आणि मित्रांना दाखवता येत नाही.

गाडी खाली बसवण्याची हौस दुसऱ्या धोक्याची होती. पुढचा अ‍ॅक्सल मूळ गाडीत सुमारे पाच अंश मागे कललेला असतो. या कलामुळे चाके आपोआप सरळ होऊ पाहतात. सायकल हात सोडून चालवताना पुढच्या चाकाचा दांडा तिरपा असण्याचा जो उपयोग होतो, तसाच हा. पाटे बदलून किंवा कंस लावून गाडीचे नाक खाली आणले आणि हा कोन पुन्हा मोजला नाही, तर स्टिअरिंग भरकटते. कॉलेजच्या बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या मुलांना मी नेहमी आधी ब्रेक आणि कोन विचारतो, इंजिन नंतर. तोंडे पडतात, पण विचारतो.

ही पोरे कोण होती? त्यांची नावे कंपनीच्या दप्तरात नाहीत, कारण कंपनीला त्यांनी काही विकले नाही आणि नवे फारसे विकतही घेतले नाही. साधने उरतात ती सूचिपत्रे, मासिकांतल्या जाहिराती, घरगुती फोटो आणि आठवणी. ई. बी. व्हाइट या लेखकाने 1936 मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात मॉडेल टीला निरोप देणारा लेख लिहिला. मालक नव्या गाडीला पुरी झालेली वस्तू न मानता सुरुवात कसा मानत असे, ते त्यात दिसते. पण तो एका मालकाचा डोळा आहे. बांधणाऱ्याने काय विचार केला, ते मुख्यतः लोखंडातच वाचावे लागते.

आणि ते लोखंडही फार उरले नाही. 1930 च्या सुमारास फोर्डनेच आपल्या रूज कारखान्यात जुन्या गाड्या सुट्या करण्याची एक ओळ चालवली. काच, रबर, लाकूड वेगळे काढून उरलेला सांगाडा भट्टीत जाई. जुळणीची ओळ उलटी फिरवली, असेच म्हणायचे. आपल्याकडेही मॉडेल टी आली होती, बरीचशी फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडून. 1926 मध्ये फोर्डने भारतात स्वतंत्र कंपनी काढली, तेव्हा मॉडेल टीचे शेवटचे वर्ष जवळ आले होते.

आता सुरुवातीचा प्रश्न. आजही अमेरिकेत जुन्या काळातली गाडी कमी पैशांत हवी असेल तर मॉडेल टीची स्पीडस्टर हा जवळचा रस्ता आहे. कारण उघड आहे : सर्वांत आधी कुजते ती बॉडी, आणि स्पीडस्टरला ती लागतच नाही. गंजलेला पण सरळ सांगाडा, कुठून तरी आणलेले इंजिन, तिसरीकडचे अ‍ॅक्सल. झिजणारे पुष्कळसे भाग अजून नवे बनतात, त्यात बॅबिटच्या जागी बसवायचे पितळी जातीचे वॉशरही आहेत. ते न बदलता गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला मी हौशी म्हणणार नाही.

अशा गाडीचे वय वाचायचे कसे? रेडिएटर पितळी असेल तर तो 1916 च्या मॉडेलपर्यंतचा. काळ्या रंगाचे पत्र्याचे आवरण असेल तर 1917 नंतरचा. हेड बुटके असेल तर आधीचे, उंच असेल तर 1917 पासूनचे. ठोकळ्यावर विजेच्या स्टार्टरची सोय असेल तर इंजिन 1919 किंवा त्यानंतरचे. मागचे ब्रेक-ड्रम रुंद आणि मोठे असतील तर अ‍ॅक्सल शेवटच्या दोन वर्षांतला. असे भागागणिक साल लिहीत गेलात की हाती एक तारीख न येता तारखांची यादी येते, जशी जुन्या देवळात पाया एका काळाचा, सभामंडप दुसऱ्या आणि शिखर तिसऱ्या काळाचे निघते.

काही जाणकार अशा गाडीला अस्सल मानत नाहीत. मला ते पटत नाही. 1922 मध्ये बांधलेली स्पीडस्टरही अशीच तीन गाड्यांची मिळून होती. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. शंभर वर्षे टिकलेली पाच माणसांची धडधाकट गाडी उघडून तिची स्पीडस्टर करणे म्हणजे एक पुरावा फोडून दुसऱ्याचा देखावा उभारणे. 1922 मध्ये तशा गाड्या गल्लोगल्ली होत्या, आज नाहीत. सुटे पडलेले भाग जोडा, जोडलेले तोडू नका, आणि कोणता भाग कुठून आला त्याची वही ठेवा. त्या काळच्या पोरांनी ती ठेवली नाही.

सरकारी कागदांचे काय, असे तुम्ही विचाराल. शेवटची वर्षे सोडली तर मॉडेल टीच्या चॅसीवर क्रमांकच नसे. गाडीचा क्रमांक म्हणजे इंजिनाच्या ठोकळ्यावर ठोकलेला क्रमांक. त्यामुळे 1915 च्या सांगाड्यात 1921 चे इंजिन बसवले की कागदावर गाडी 1921 ची होते. तिने पुन्हा इंजिन बदलले तर तिचे जन्मसालही बदलते.