तळटीप : अंगठ्यात रुतलेले नख

‘नख उपटून घेतले’ एवढ्यावर लेखकाने हा प्रसंग आटोपला आहे. अख्खे नख उपटले तरी ते मुळापासून पुन्हा उगवते आणि बऱ्याचदा पुन्हा मांसात घुसते. पुढच्या प्रकरणात तीच तक्रार येते ती त्यामुळेच. (नखाचे कोपरे खोल, गोल कापण्याची त्यांची सवयही नडली असणार.) आता सहसा रुतलेल्या कडेची उभी, चिंचोळी पट्टीच काढतात. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भुलीचे इंजेक्शन देतात. खरे दुखते ते हेच. मग रबरी पट्टा आवळून रक्त थांबवतात, पट्टी कापून चिमट्याने हळूहळू वळवत बाहेर ओढतात, आणि फिनॉलमध्ये भिजवलेला कापूस तेवढ्याच मुळाशी दाबून धरतात. मूळ जळाले की त्या कडेला नख सहसा येत नाही. फिनॉल म्हणजे लिस्टरने जखमांवर वापरलेले कार्बोलिक ॲसिडच; नखासाठी ते ऑटो बोल यांनी १९४५ मध्ये सुचवले. त्याआधी, १९२९ मध्ये, विनोग्रॅड यांनी कडेचे नख मुळासकट कापून काढण्याची रीत मांडली होती. फिनॉलनंतर जखम दोन-चार आठवडे पाझरते. मधुमेही रुग्णाच्या पायाचा रक्तपुरवठा मात्र आधी तपासावा लागतो. — संपादक